मरोद्याच्या काठचं ऊन

भिलाईतली कुटुंबं मे महिन्यात भिलाईत नसायची. शाळांना सुट्टी लागली की बाबांच्या रजेचा आणि एलटीसीचा (प्रवास सवलतीचा) हिशेब व्हायचा, होल्डॉल बांधले जायचे आणि स्ट्रीटच्या स्ट्रीट ओस पडायच्या. कुणी पालघाटला, कुणी दरभंग्याला, कुणी विजयनगरमला, कुणी जालंधरला जायचं. आपली मराठी माणसं गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावतीकडची गाडी धरायची. पोलादाचा कारखाना मात्र चालूच राहायचा. झोतभट्टी विझवून सुट्टीवर जाता येत नाही, त्यामुळे ज्यांच्या शिफ्टा असतील ते बाप्ये एकटेच क्वार्टरमध्ये वरण-भात शिजवून खायचे. भिलाईत क्वार्टर होतं, घर गावाकडे होतं. पहिल्या पिढीच्या मनात ही वाटणी इतकी पक्की होती, की तीस-तीस वर्षं इथे काढलेली माणसंही ‘आम्ही मूळचे तुमसरचे’ असंच सांगायची.

हिवाळ्यात मात्र कुणी कुठे जायचं नाही. दिवाळी आटोपली की शाळा सुरू, रजा उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेली, आणि हवा अशी की घरात बसवू नये. डिसेंबर-जानेवारीत इथे पहाटे पारा १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो. मे महिन्यात ४५ अंश सोसलेल्या गावाला हे महिने म्हणजे मोठा दिलासा. मग हाताशी उरायचे ते आठवडी सुट्टीचे दिवस. शिफ्टवाल्यांचा रविवार कधी बुधवारी यायचा, कधी शुक्रवारी, पण यायचा. त्या एका दिवसात डबा घेऊन जाऊन संध्याकाळी परत येता येईल अशा जागा लोकांनी शोधल्या. मैत्री बाग, मरोद्याचा तलाव, शिवनाथ नदीचा काठ, देवबलोद्याचं देऊळ. हा लेख त्या जागांविषयी आहे. देशभरातून आलेल्या नोकरदारांना भिलाईकर केलं ते थंडीतल्या या सुट्ट्यांनी, असं माझं ठाम मत आहे.

भिलाईचा आणि मराठी मुलखाचा संबंध नोकरीपेक्षा जुना आहे. १८५४ साली नागपूरचं राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगडवर भोसल्यांचा अंमल होता. त्यानंतर हा भाग मध्य प्रांतात राहिला आणि त्याचा कारभार नागपुरातून चालला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हाही भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्याची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि भिलाई भोपाळच्या वाट्याला आली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. तोवर विदर्भातले फिटर, वेल्डर, शिक्षक, परिचारिका सेक्टरांमध्ये राहायला आले होते. त्यांच्यासाठी हे परराज्य कालपरवा झालं होतं.

नगर आखताना प्रत्येक सेक्टरला शाळा, दवाखाना, बाजार आणि मोकळं मैदान अशी सोय केली गेली. या मोकळ्या जागांचं मोल हिवाळ्यात कळतं. सकाळी दहाच्या सुमाराला सेक्टर ६ किंवा ७मधून चक्कर मारा. क्वार्टरच्या पुढच्या अंगणात बाजा टाकलेल्या असतात, कुणी मटार सोलत असतं, कुणी लोकरीचं विणकाम घेऊन बसलेलं असतं. छत्तीसगडी शेजारीण कोहळा किसून उडदाच्या वाटणात मिसळते आणि रखिया बडी घालते. आपल्याकडे सांडगे उन्हाळ्यात होतात, इथली बडी थंडीच्या कोवळ्या उन्हात वाळते. कित्येक मराठी घरांत ती आता हक्काने पडते. झाडांची सावली इतकी दाट आहे की उन्हासाठी माणसांना खाट सरकवत सरकवत न्यावी लागते.

छठपूजेपासून भिलाईचा हिवाळा सुरू होतो. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी सेक्टर २च्या तलावावर बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली कुटुंबं मावळत्या सूर्याला अर्घ्य द्यायला उभी राहतात आणि दुसऱ्या पहाटे उगवत्या सूर्यासाठी पुन्हा पाण्यात उतरतात. त्याच सेक्टरात अय्यप्पाचं मंदिर आहे. कार्तिक-मार्गशीर्षात तिथे काळ्या वस्त्रांतले व्रतस्थ दिसू लागतात. जानेवारीत मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू सुरू होतं, आणि त्याला तेलुगू, बंगाली, ओडिया शेजारणी वाण घ्यायला येतात. एका तलावाभोवती एवढा देश गोळा झालेला मी दुसऱ्या कुठल्या गावात पाहिलेला नाही.

आता मैत्री बाग. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली भिलाई पोलाद कारखान्याने ती उभारली. आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९७१मध्ये, दोन्ही देशांचा मैत्रीचा करार झाला होता. बाग, प्राणिसंग्रहालय, नौकाविहाराचं तळं, लहान मुलांची आगगाडी, संगीताच्या तालावर नाचणारी कारंजी असं सगळं एकाच आवारात आहे. चालवतो कारखानाच. हिवाळ्यात इथे फुलांचं प्रदर्शन भरतं. भिलाईकर त्याला ‘फ्लॉवर शो’ म्हणतात आणि त्याची वाट पाहतात. डेलिया, शेवंती, गुलाब, झेंडू यांच्या कुंड्यांच्या रांगा लागतात. क्वार्टरच्या चार हातांच्या बागेत वाढवलेली कुंडी लोक स्पर्धेला आणतात. दिवसभर रोलिंग मिलच्या आवाजात काम करणारा माणूस डेलियाच्या पाकळ्या कापसाने पुसताना पाहिला, की या नगराची खरी ओळख पटते.

इथलं मोठं आकर्षण म्हणजे पांढरे वाघ. त्यांचा वंश ओडिशातल्या नंदनकाननातून आला, भिलाईत वाढला, आणि इथून देशातल्या इतर प्राणिसंग्रहालयांना वाघ दिले गेले. रीवाजवळच्या मुकुंदपूरलाही इथला पांढरा वाघ गेला. १९५१ साली ‘मोहन’ नावाचा पांढरा बछडा ज्या रीवा परिसरात पकडला गेला, त्याच मुलखात तो गेला. मुलं या वाघांसमोरून हलत नाहीत आणि त्यांना हलवूही नये. पण पांढरा वाघ ही वेगळी जात नाही. एका जनुकातल्या फरकामुळे तो रंग येतो, आणि तो टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात केलेल्या पैदाशीची किंमत या प्राण्यांनीच मोजली आहे. हेही मुलांना तिथेच, पिंजऱ्यासमोर सांगितलं पाहिजे. आठवी-नववीतल्या मुलाला ते कळतं.

बागेच्या शेजारी मरोद्याचा तलाव आहे. माझ्या मते भिलाईतली सगळ्यात सुंदर जागा हीच. हे पाणी सहलीसाठी साठवलेलं नाही. पोलाद करायला अफाट पाणी लागतं आणि भिलाईजवळची शिवनाथ एकटी ते पुरवू शकत नाही. म्हणून बालोदकडच्या तांदुला, खरखरा, गोंदली या जलाशयांचं आणि पुढे महानदीवरच्या गंगरेल धरणाचं पाणी कालव्यांनी इथवर आणलं गेलं. त्यातलं तांदुला सगळ्यात जुनं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लागोपाठ दोन दुष्काळांनी छत्तीसगड पिळून निघालं, त्यानंतर इंग्रजी अमदानीत तांदुला आणि सूखा नद्यांच्या संगमावर हे धरण बांधलं गेलं. भाताच्या शेतीसाठी अडवलेलं पाणी पुढे भट्टीच्या वाट्याला आलं, आणि त्याचा साठा मरोद्याला झाला. याच पाण्यावर थंडीत बदकं उतरतात. सकाळी धुकं विरळ होऊ लागलं की पाण्याच्या पलीकडे चिमण्या आणि कूलिंग टॉवर दिसायला लागतात, अलीकडे पाणकावळे पंख पसरून ऊन घेत बसलेले असतात. वारा कारखान्याच्या बाजूने आला तर कोक ओव्हनचा वास येतो. तोही या जागेचाच भाग आहे आणि तो लपवून हे दृश्य सांगणं खोटेपणाचं होईल.

पक्ष्यांची खरी आवड असेल तर गाडी काढून थोडं लांब जावं. पाटण भागातल्या बेलौदीच्या जलाशयावर, किंवा बेमेतरा जिल्ह्यात गिधवा-परसदा इथे. गिधवा-परसद्याला २०२१च्या जानेवारी-फेब्रुवारीत छत्तीसगडमधला पहिला पक्षी महोत्सव भरला होता. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, तलवार बदकं, लालसरी यांच्यासाठी लोक तिथे दुर्बिणी घेऊन जातात. या भागातली गावतळी मुळात भातासाठी, गुरांसाठी, शिंगाड्यासाठी आणि मासळीसाठी राखलेली आहेत. पक्षी त्यांत येतात कारण तळी अजून जिवंत आहेत. तळ्याला सिमेंटचा काठ, रंगीत दिवे आणि सेल्फी पॉइंट दिला की बदकं येईनाशी होतात. असले प्रकार छत्तीसगडच्या शहरांत झपाट्याने वाढताहेत आणि मला त्यांची धास्ती वाटते. चिखलाचा काठ, काठावरचं गवत, उथळ पाणी याच तर बदकांच्या गरजा.

सहलीला जाताना डब्यात काय असावं, यावर भिलाईत एकमत होणं शक्य नाही आणि ते बरंच आहे. वैदर्भीय घरातून वांग्याचं भरीत, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा निघतो. नदीकाठी चूल मांडायची मुभा असेल तर पानगे होतात. पळसाच्या पानांत थापून निखाऱ्यावर भाजलेले, वर तुपाची धार. छत्तीसगडी घरात याच पळसपानांत तांदळाच्या पिठाची आणि शिळ्या भाताची अंगाकर रोटी भाजतात, सोबत भाजलेल्या टोमॅटोची चटणी. गोंदिया-भंडाऱ्याच्या माणसाला तिवऱ्याच्या भाजीची ओळख करून द्यावी लागत नाही. त्याच्या धानाच्या बांधीत तीच लाखोळी उगवते. इथेही उभ्या भातात, कापणीच्या आधी, ओलीवर तिवरा फेकतात आणि त्या पद्धतीला ‘उतेरा’ म्हणतात. डिसेंबरात त्याचे कोवळे शेंडे खुडून बाजारात येतात. सुपेल्याच्या रविवारच्या बाजारात ते लाल भाजी, चण्याची भाजी, बोरं, पेरू आणि उकडलेल्या शिंगाड्यांच्या ढिगांशेजारी दिसतात. हा बाजारही मी हिवाळी सहलीच्या जागांत धरतो. तिथे दोन तास उभ्याने फिरलं की या मुलखातली शेती कळते.

देवबलोद्याला जायला मोटार लागत नाही. दुर्ग-रायपूर मेमू भिलाई-३ सोडून पुढे निघाली की पुढचं स्टेशन देवबलोदा चरोदा. तिथून गावात शिवाचं जुनं मंदिर आहे, कलचुरी काळातलं, सर्वसाधारणपणे तेराव्या-चौदाव्या शतकातलं मानलं जाणारं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने ते संरक्षित केलं आहे. भिंतींवर थरांमागून थर कोरलेले आहेत. हत्ती, घोडे, वादक, नर्तक, देव, शिकारीला निघालेली माणसं. मंडपातून गाभाऱ्यात जाताना पायऱ्या उतराव्या लागतात. शेजारी पायऱ्यांचं कुंड आहे, त्यात मासे आणि कासवं आहेत. देवळाला शिखर नाही.

ते का नाही, याची गोष्ट गावात कुणीही सांगतं. सहा महिने लांबलेल्या एकाच रात्रीत हे देऊळ घडत होतं. कारागीर कामात इतका बुडाला की अंगावरच्या वस्त्राचंही भान उरलं नाही. रोज त्याची बायको जेवण घेऊन यायची. एक दिवस तिच्याऐवजी बहीण डोक्यावर पाण्याचा कलश घेऊन आली. लाजेने त्याने कुंडात उडी घेतली, आणि ते पाहून बहिणीने जवळच्या तलावात. तो तलाव कलशामुळे ‘करसा तलाव’ म्हणून ओळखला जातो. कुंडातून भुयार आहे, ते थेट आरंगला निघतं, असंही सांगतात. इतिहासकाराच्या दृष्टीने ही दंतकथाच. तरीही अपुऱ्या शिखराकडे बघत ती ऐकताना कारागिराचा आपल्याच कामात हरवलेला जीव जाणवतो, आणि भिलाईसारख्या कामगारांच्या गावाजवळ ही कथा टिकून आहे याचं मला अप्रूप वाटतं. दुपारच्या तिरप्या उन्हात कोरीवकाम उठून दिसतं. हिवाळ्यातच जावं, जून महिन्यात दगडावर पाय ठेववत नाही.

कापणी संपून धान बियाऱ्यात, म्हणजे खळ्यात, आलं की भोवतालच्या गावांना सवड मिळते. मंडई भरतात, राऊतांचा नाच निघतो, रात्री ‘नाचा’ या लोकनाट्याचे खेळ होतात. दुर्गजवळच्या बघेरा गावात दाऊ रामचंद्र देशमुखांनी १९७१ साली ‘चंदैनी गोंदा’ उभं केलं आणि छत्तीसगडी लोकरंगभूमीला नवं वळण मिळालं. देशमुख आडनाव ऐकून मराठी माणूस नातं शोधायला लागतो, पण हे घराणं इथल्याच मातीतलं. १८ डिसेंबरला गुरू घासीदास जयंती असते आणि महिनाभर सतनामी वस्त्यांत पंथी नृत्य घुमतं. मांदर आणि झांजेच्या वाढत्या लयीवर माणसांवर माणसं चढून मनोरे होतात. हे नृत्य जगभर नेणारे देवदास बंजारे भिलाईच्या कारखान्यात नोकरीला होते. पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई भिलाईजवळच्या गनियारीच्या, त्याही याच कारखान्याच्या नोकरीत होत्या. पद्मश्री, २००३मध्ये पद्मभूषण आणि २०१९मध्ये पद्मविभूषण त्यांना मिळालं. पोलाद कारखान्याने लोककलावंतांना पगारपत्रकावर घेतलं, ही त्या काळातल्या सार्वजनिक उद्योगांची दानत होती. आज नफा-तोट्याच्या चर्चेत ती कुणी आठवत नाही, म्हणून इथे नोंदवतो.

पौष पौर्णिमेला छेरछेरा. लेकरांच्या टोळ्या पिशव्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात आणि कुणीही त्यांना रिकामं पाठवत नाही. सेक्टरातल्या मुलांनी हा सण बघावा म्हणून जवळच्या खेड्यात नेणारे पालक मला माहीत आहेत. त्या दिवशी घरोघरी गोरसीत, म्हणजे मातीच्या शेगडीत, निखारे फुललेले असतात, पाहुण्याला आधी तिच्याजवळ बसवतात, मग चहा.

पश्चिमेला, तासाभराच्या आगगाडीच्या अंतरावर, राजनांदगाव. मराठी वाचकाने तिथे एकदा तरी जावं. राणी सागर आणि बूढा सागर या तळ्यांच्या मध्ये जुन्या राजवाड्यात दिग्विजय महाविद्यालय आहे. १९५८ साली गजानन माधव मुक्तिबोध तिथे शिकवायला आले. घरी मराठी, लेखन हिंदीत. धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतले मोठे कवी. गजाननरावांनी आयुष्याची शेवटची वर्षं याच आवारात काढली आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी ते गेले. त्यांच्या राहत्या जागेत आता हिंदी साहित्यिक पदुमलाल पुन्नालाल बक्षी आणि बलदेव प्रसाद मिश्र यांच्यासह तिघांचं ‘त्रिवेणी’ स्मारक आहे. तिथला चक्राकार जिना चढून वर जावं आणि खिडकीतून तळं बघावं. १३ नोव्हेंबर हा मुक्तिबोधांचा जन्मदिवस, म्हणजे ऐन थंडीच्या तोंडावरचा. आणखी पुढे डोंगरगड. बम्लेश्वरीच्या डोंगरावर नवरात्रात मुंगीला वाट मिळत नाही, हिवाळ्यात मात्र निवांत चढता येतं. समोरच्या प्रज्ञागिरीवर बुद्धाची भव्य मूर्ती आहे, आणि ६ फेब्रुवारीला तिथे भरणाऱ्या मेळाव्याला विदर्भातून आणि भिलाईच्या आंबेडकरी वस्त्यांतून माणसं येतात. त्या दिवशी डोंगरगडच्या स्टेशनवर मराठीच जास्त ऐकू येते.

जुन्या जागांची आजची अवस्था सगळीकडे चांगली नाही. कारखान्यातले कायम कामगार कमी झाले, सेक्टरांतली बरीच क्वार्टरं पडीक आहेत, मैदानांवर गाजरगवत माजलं आहे. सुट्टीच्या कल्पनाही बदलल्या. नाताळात गोवा, पुरी नाहीतर बस्तर गाठायचं, आणि शाळांच्या सहली वॉटर पार्कला. दुसरीकडे निवृत्त झालेली पिढी मात्र परत गेली नाही. क्वार्टर सोडून त्यांनी नेहरूनगर, स्मृतिनगर, रिसालीत घरं बांधली. पुण्या-बंगळुरात नोकरी करणारी मुलं डिसेंबरात नातवंडांना घेऊन त्यांच्याकडे येतात, आणि ती नातवंडं मैत्री बागेत पहिल्यांदा वाघ बघतात.

भिलाईतल्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या जानेवारीत एका वर्गाला मेमूने देवबलोद्याला न्या. भिंतीवरचे हत्ती मोजू द्या, कुंडातली कासवं बघू द्या, गावातल्या कुणाला तरी कारागिराची गोष्ट सांगायला बसवा. दुसऱ्या वर्गाला मरोद्याला न्या आणि नळाचं पाणी तांदुल्यापासून इथवर कसं येतं, ते काठावर उभं राहून नकाशावर दाखवा. महाशिवरात्रीला देवबलोद्याला जत्रा भरते, पण मुलांना त्याआधी न्या. गर्दीत कोरीवकाम बघायला मिळत नाही, आणि जत्रेनंतर पंधरवड्यातच ऊन तापायला लागतं.